पॉर्नची सवय सोडताना क्रम चुकतोय : विश्वासणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

आपल्या मंडळ्यांमधली मुलं ही सवय सोडायला बघतात तेव्हा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी रात्री रडून प्रार्थना, मग प्रभूला वचन की परत कधीच नाही, मग उपास, मग प्ले स्टोअरवरून एखादं ब्लॉकर अॅप ज्याचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवलेला, आणि कोणाला तरी सांगायचं ते सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. मुलीही यात आहेत, त्यांना तर वाटतं की हे फक्त पुरुषांचं असतं म्हणून आपणच काहीतरी विचित्र आहोत, आणि त्या आणखी गप्प बसतात. मी ठाण्यात आणि नवी मुंबईत तरुण संघातल्या मुलांबरोबर बसतो, त्यावरून सांगतो की या क्रमाने काही आठवडे जातात आणि मग माणूस जिथे होता तिथेच येतो, वर प्रभूला दिलेलं वचन मोडल्याचं ओझं वेगळं.

वचन खोटं नसतं हो, मनापासून दिलेलं असतं. पण गुपित तसंच राहतं आणि या सवयीचा सगळा जोर गुपितात आहे. म्हणून इथे क्रम असा धरलाय : आधी माणूस, मग मोबाइल, मग दिवसातली धोक्याची वेळ, मग ओढ आल्यावर काय, मग पडल्यावर काय. प्रार्थना सगळ्या पायऱ्यांमध्ये आहे, तिला वेगळी पायरी केलेली नाही.

तयारी : एक पान, एक संध्याकाळ

कागद आणि पेन घ्या, मोबाइलमध्ये लिहू नका. मागच्या काही वेळा आठवा आणि प्रत्येक वेळेसाठी एवढंच लिहा : किती वाजले होते, कुठे होतो, त्याआधी तासभर काय चाललं होतं, पोटात भूक होती का, कोणावर राग होता का, एकटं वाटत होतं का, थकलो होतो का. काय बघितलं ते लिहायचं नाही, त्याचा इथे काही उपयोग नाही आणि लिहिता लिहिता तेच परत डोक्यात फिरायला लागतं.

बहुतेकांच्या पानावर दोन-तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये नाइट शिफ्ट करणाऱ्याचं पहाटे घरी आल्यावर असतं, झोप लागत नाही आणि घरचे सगळे झोपलेले. घणसोली-कोपरखैरणेला पीजीमध्ये राहणाऱ्याचं रूममेट गावी गेला की. कॉलेजवाल्याचं परीक्षेच्या आदल्या रात्री. आणि एक वेळ अशी जी कोणी धरतच नाही, रविवारी दुपारी, उपासना झाली, जेवण झालं, सगळे आडवे झालेत, आणि मनात असतं की सकाळी तर इतकं छान वाटत होतं, आज काही होणार नाही.

दावीदाची गोष्ट याच नजरेने एकदा वाचा, २ शमुवेल ११. बथशेबाच्या आधी तिथे काय लिहिलंय ते बघा : राजे लढाईला जातात त्या दिवसांत तो यरुशलेमेतच राहिला, आणि संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरत होता. वेळ, जागा आणि रिकामेपण, तिन्ही आधी आलेत, पाप नंतर.

तपासा : पान वाचून तुम्हाला बोट ठेवता येतं का, की माझी धोक्याची वेळ ही? येत असेल तर पुढे. येत नसेल तरी पुढेच जा, पान नंतर भरत राहील, पण पहिली पायरी त्यासाठी थांबवू नका.

पायरी १ : एका माणसाला सांगा

याकोब ५:१६ मध्ये पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय, बरं व्हावं म्हणून. आपण १ योहान १:९ पाठ करतो, देवाजवळ कबूल करतो, क्षमा मिळते हे मानतो आणि ते खरंच आहे. पण याकोबाचं वचन वगळतो. क्षमा देवाकडून मिळते आणि बरं होण्याची वाट तो बऱ्याचदा भावाबहिणीतून काढतो.

माणूस कसा निवडायचा? तुमच्याच लिंगाचा, विश्वासात तुमच्यापेक्षा थोडा पुढे, तोंड बंद ठेवणारा. ज्याने याआधी दुसऱ्या कोणाचं गुपित तुम्हाला सांगितलंय तो नको, तो तुमचंही सांगेल. तुमच्याच वयाचा आणि आत्ता याच खड्ड्यात असलेला मित्र एकटा पुरत नाही, कारण दोघं मिळून एकमेकांची समजूत काढतात की जाऊ दे, सगळ्यांचं असंच असतं. पास्टर, मंडळीतला एखादा वडीलधारा, तरुण संघाचा दादा किंवा ताई, मोठा भाऊ, कोणीही चालेल. कॅथलिक असाल तर फादरांकडे कन्फेशन आहेच, तिथे बोललेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा तोंड उघडायला ती जागा सोपी जाते. पण त्यानंतरही दर आठवड्याला विचारणारं एक माणूस लागतंच.

वय १८ च्या आत असेल तर आई-बाबांपैकी ज्यांच्याशी बोलता येतं त्यांना, नाहीतर मावशी, काका, संडे स्कूलच्या टीचर. मोठ्या माणसालाच सांगा. आणि कोणी मोठं माणूसच तुम्हाला असलं काही दाखवत किंवा मागत असेल तर ती तुमची सवय नाही, तो गुन्हा आहे, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कुठे बोलायचं? चर्चच्या आवारात नको, तिथे प्रत्येक मिनिटाला कोणीतरी "जय ख्रिस्त" करायला येतं. चालत बोला, समोरासमोर बसून डोळ्यात बघून बोलायला जड जातं. उपवनला सकाळी लवकर, वाशीला मिनी सीशोरवर, खारघरला सेंट्रल पार्कात, कुठेही जिथे ओळखीचे कमी.

काय बोलायचं ते आधी ठरवून जा, नाहीतर दोन फेऱ्या होतात, क्रिकेटवर बोलणं होतं आणि माणूस घरी येतो. एवढं पुरे : "दादा, एक सांगायचं होतं. मला मोबाइलवर पॉर्न बघायची सवय लागलीये. माझी माझ्याने सुटत नाहीये. दर रविवारी मला याबद्दल विचाराल का?" तपशील नाही, कधीपासून, कसलं, किती, काही नाही. त्यांनी विचारलंच तर "ते नको, फक्त प्रार्थना करा आणि विचारत राहा" म्हणा.

ऐकणाऱ्यासाठीही दोन शब्द, कारण तिथेही गडबड होते. लगेच वचनं सांगायला सुरुवात करू नका. "तू असा असशील वाटलं नव्हतं" हे तर चुकूनही नको. बरं झालं सांगितलंस म्हणा, तिथेच छोटी प्रार्थना करा आणि रविवारी खरंच विचारा. गलतीकरांस ६:१ मध्ये सौम्यतेने ताळ्यावर आणा असं आहे आणि लगेच स्वतःकडेही लक्ष ठेवा असं आहे, दोन्ही पाळा.

सावधान : पहिल्यांदा सांगायची जागा म्हणजे तरुण संघाची साक्षीची वेळ नाही. माइकवर भावनेच्या भरात बोललेलं परत घेता येत नाही आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

लग्न झालेल्यांचं वेगळं. जोडीदाराला कळायलाच हवं, पण रात्री अकरा वाजता सगळं एकदम ओतून तुम्ही हलके होऊन झोपलात आणि ती रात्रभर जागी, असं करू नका. आधी पास्टर किंवा समुपदेशकाशी बोला, मग मुलं घरात नसतील अशी वेळ बघून सांगा : सवय आहे, त्यात तुझा दोष नाही, मी अमुक माणसाला सांगितलंय, अमुक पावलं उचलतोय. ती रागावेल, रडेल, काही दिवस बोलणार नाही, तो तिचा हक्क आहे. आणि बायकोलाच पहारेकरी करू नका, रोज नवऱ्याचा मोबाइल तपासणं हे तिच्यासाठीही वाईट. लग्न ठरलेलं असेल तर लग्नाआधी सांगा. लग्न झालं की सुटेल असं बरेच जण धरून चालतात, ते होत नाही, कारण ही सवय एकटेपणाशी, ताणाशी आणि लपवण्याशी बांधलेली असते आणि ते सगळं लग्नातही बरोबर येतं.

तपासा : एका माणसाला खरोखर सांगून झालं का? इशाऱ्याने नाही, "थोडा स्ट्रगल चाललाय" असं नाही, पॉर्न हा शब्द वापरून? नसेल तर इथेच थांबा. पुढची पायरी याच माणसाला घेऊन करायची आहे.

पायरी २ : मोबाइल, त्या माणसाला शेजारी बसवून

इथे पहिलं काम कुठलंही अॅप टाकायचं नाहीये. पहिलं काम म्हणजे रात्री मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर. चार्जर हॉलमध्ये किंवा किचनमध्ये लावा. गजरासाठी साधं घड्याळ आणा. वन रूम किचनमध्ये राहणारे म्हणतील बाहेर म्हणजे कुठे, तर आईच्या उशाशी, देवघरासारखा जो बायबलचा कोपरा केलेला असतो तिथे, पीजीत असाल तर रूममेटच्या टेबलावर. हात लांब करून मिळाला नाही पाहिजे. माझ्या मते हे एक काम बाकीच्या सगळ्या सेटिंग्जपेक्षा मोठं आहे.

मग फिल्टर. तीन ठिकाणी लावा.

घरच्या वायफायला : राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. ही क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा आहे, अश्लील साइट्स घरातल्या प्रत्येक डिव्हाइसवर अडवते. राउटरचा पासवर्ड बदला, तो दुसऱ्या कोणीतरी ठेवायचा.

अँड्रॉइडला : सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा आणि तिथे family.cloudflare-dns.com टाका, मधे कुठे जागा न सोडता. यामुळे मोबाइल डेटावरही फिल्टर चालतो आणि इन्कॉग्निटो उघडलं तरी चालतो. व्हीपीएन अॅप (इंटरनेट दुसऱ्या वाटेने नेणारं) असेल तर ते काढा, त्यातून फिल्टर चुकवता येतो. हे सेटिंग कोणीही बंद करू शकतं हे खरं आहे, म्हणून सेटिंग्जला अॅप लॉक लावून त्याची पिन तुमच्या माणसाला टाकू द्या.

आयफोनला : स्क्रीन टाइममध्ये कंटेंटचे निर्बंध सुरू करून प्रौढांच्या वेबसाइट्स मर्यादित करा हा पर्याय घ्या, त्याने सफारीतलं प्रायव्हेट ब्राउझिंगही बंद होतं. स्क्रीन टाइमचा पासकोड तुमच्या माणसाने टाकायचा, तुम्ही तोंड फिरवून बसायचं.

हे सगळं करूनही एक मोठी फट राहते. डीएनएसचा फिल्टर साइट अडवतो, अॅपच्या आतलं अडवत नाही. टेलिग्रामचे चॅनल, इन्स्टाचे रील्स, हे त्यातून सुटतात. आणि सुरुवात साइटवरून फार कमी वेळा होते, लोकलमध्ये ठाण्याहून तुर्भ्याला जाताना रील्स खाली सरकवत असतो, एक जरा वेगळं आलं, बोट दोन सेकंद जास्त थांबलं, अॅपने ते टिपलं, आणि रात्रीपर्यंत फीड तसलंच भरलेलं. साइट्स अडवून रील्स चालू ठेवणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. त्यामुळे निदान तीन महिने इन्स्टा मोबाइलवरून काढा. टेलिग्राम कामासाठी लागत नसेल तर अकाउंटसकट बंद. मत्तय ५:२९ मध्ये प्रभू डोळा उपटून टाक म्हणतो ते अक्षरशः करायचं नसतं, पण अॅप काढणं जड जातंय अशी तक्रार त्या वचनासमोर ठेवून बघा.

सावधान : यातलं काही १८ वर्षांखालच्या मुलांचं असेल तर तो वेगळाच विषय आहे. आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली ते शोधणं, बघणं, उतरवणं, पाठवणं सगळंच गुन्हा आहे, आणि पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, तोही लागतो. आणि त्यामागे एक खरं लेकरू आहे ज्याच्यावर अत्याचार झालाय. तिथून आजच बाहेर या आणि वकील व मानसोपचारतज्ज्ञ दोघांशी बोला, नुसती मंडळीत प्रार्थना पुरेशी नाही.

सावधान, दुसरं : अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल, मग रेकॉर्डिंग आणि पैशाची मागणी, यात अडकला असाल तर एक रुपया देऊ नका. दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा आणि त्याच दिवशी तुमच्या माणसाला सांगा. लाजेपोटी एकट्याने सहन करू नका.

पायरी ३ : धोक्याची वेळ भरा

तयारीचं पान परत काढा. मत्तय १२ मध्ये झाडून स्वच्छ केलेल्या रिकाम्या घराची गोष्ट आहे, जिथे आधीचा एक दुष्टात्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. मोबाइल साफ झाला आणि वेळ रिकामा राहिला तर तेच होतं.

भरायचं म्हणजे बायबल वाचायचं असं नाही फक्त. एलीयाचं बघा, १ राजे १९. मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि बोलणं नंतर झालं. नाइट शिफ्टवाल्याची धोक्याची वेळ पहाटेची असेल तर त्याला लागतं ते हे : कॅबमध्येच मोबाइल बॅगेत, घरी आल्यावर दोन पोळ्या, आंघोळ, जाड पडदा, झोप. उपासाबद्दलही माझं स्पष्ट मत आहे, जो आधीच अर्धपोटी आणि अर्धझोपेत आहे त्याने सुरुवातीला अन्नाचा उपास करू नये. मोबाइलचा करावा.

रविवारची दुपार असेल तर घरी थांबूच नका. उपासनेनंतर कोणाच्या तरी घरी जेवायला जा, मुलांना घेऊन मासुंदा तलावावर जा, आजारी माणसाला भेटायला जा. मेगाब्लॉक आहे म्हणून चर्चला गेलो नाही आणि घरी एकटाच होतो, हे वाक्य मी फार ऐकलंय, तर शनिवारीच वेळापत्रक बघा आणि बस किंवा कोणाची तरी गाडी ठरवून ठेवा.

घरचे मे महिन्यात गावी जाणार असतील तर ते जायच्या आधीच तुमच्या माणसाला तारखा सांगा. जमलं तर त्यांच्याकडे झोपायला जा.

पायरी ४ : ओढ आली की

वाद घालू नका. बघू नको, बघू नको असं मनात म्हणत बसलं तरी डोक्यात तेच राहतं. १ करिंथकरांस ६:१८ मध्ये जारकर्माशी झगडा असं नाही म्हटलेलं, पळ काढा म्हटलंय. पोटीफरच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफ तिला समजावत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात राहिलं तरी घराबाहेर पळाला. तर क्रम असा :

१. उठून उभे राहा. पलंगावरून किंवा बाथरूममधून बाहेर.
२. मोबाइल तिथेच टाका.
३. दोन ओळींची प्रार्थना, मोठ्याने : "प्रभू येशू, मला ओढ लागलीये. मी तुझा आहे. मला इथून बाहेर काढ." एवढीच. लांब प्रार्थनेत लोक त्याच पापाचं वर्णन करत बसतात आणि मन तिथेच घोटाळतं.
४. माणसं असतील तिथे जा. हॉलमध्ये आईजवळ, खाली बिल्डिंगच्या गेटवर, दुधाच्या पिशव्या आणायला.
५. तुमच्या माणसाला फोन, दुसऱ्याच्या किंवा घरच्या फोनवरूनही चालेल. "ओढ आलीये" एवढा शब्द पुरे.

ओढ वाढते, टोकाला जाते आणि उतरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासात जोर बराच कमी होतो. पहिल्यांदा उतरताना बघाल तेव्हा कळेल की ती पुरी केल्याशिवाय जात नाही हा समज चुकीचा होता.

तपासा : हा क्रम शांत असताना एकदा करून बघितलाय का? उठणं, चप्पल घालणं, खाली जाणं, खरोखर. ओढीच्या वेळी नवीन काही सुचत नाही.

पायरी ५ : पडलात तर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, पडण्यात तितकं नाही. एकदा पडला की माणूस म्हणतो आता गेलंच आहे तर आजचा दिवस असाच, सोमवारपासून परत. मग रविवारी प्रभू भोजन घेत नाही, मग चर्चलाच जात नाही, तुमच्या माणसाचा फोन उचलत नाही. एका रात्रीचं पडणं असं महिन्याचं होतं.

बंद करा, खोलीबाहेर या, तोंड धुवा. १ योहान १:९ धरून साधी कबुली. त्याच दिवशी, उद्या नाही, तुमच्या माणसाला एक शब्द : "पडलो." पानावर वेळ, जागा, आधीचा तास लिहा. कुठे फट राहिली ती बंद करा. आणि नवीन शपथ घेऊ नका.

मग उपासनेला जा. पेत्राने तीनदा नाकारलं आणि योहान २१ मध्ये प्रभू किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे आणि भाकर घेऊन त्याच्यासाठी थांबलेला दिसतो, आधी खाऊ घालतो, मग तीन वेळा विचारतो, मग काम देतो. रोमकरांस ८:१ मधला दंडाज्ञा नाही हा शब्द पडलेल्या दिवशीही खरा आहे, नाहीतर तो कधी कामाला यायचा? पश्चात्ताप म्हणजे स्वतःला शिक्षा देत राहणं नव्हे. प्रभूने शिक्षा घेतलेली आहे.

दिवस मोजण्याबद्दल : मोजणं वाईट नाही, पण आकडा शून्य झाला की सगळं गेलं असं वाटायला लागतं. गेलेलं नसतं. आधी रोज होतं आणि आता महिन्यातून एकदा, तेही पडल्यावर तासाभरात उठून सांगता, तर प्रभू काम करतोय.

पायरी ६ : डॉक्टरकडे कधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर, म्हणजे लैंगिक वागण्यावर ताबा न राहण्याचा आजार, असं नाव आहे. त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगितलेली आहे : नुसतं नैतिक दृष्टीने अपराधी वाटतंय एवढ्यावर हा आजार ठरत नाही. म्हणजे तुम्हाला दुःख होतंय हे तुमचा विवेक जिवंत असल्याचं लक्षण आहे, लगेच स्वतःला अॅडिक्ट म्हणू नका. पण कित्येक महिने ताबाच राहत नाहीये, नोकरी, अभ्यास, झोप, नातं बिघडतंय, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. नैराश्य किंवा अँग्झायटी खाली दबलेली असेल तर तिच्यावर उपचार झाल्याशिवाय बाकी पायऱ्या टिकत नाहीत.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, नेरुळला डी. वाय. पाटील हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. जायला संकोच वाटत असेल तर आधी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव द्यावा असे विचार येत असतील तर आजच, आत्ताच, आणि एकटे राहू नका.

मंडळीत कोणी म्हणेल डॉक्टर कशाला, सुटकेची प्रार्थना करून घे. प्रार्थना जरूर घ्या. पण ती घेतली म्हणून डॉक्टर, तुमचा माणूस आणि हॉलमधला चार्जर यातलं काही सोडू नका. आणि औषधं चालू असतील तर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा.

पायरी ७ : दर आठवड्याला, आणि पुढे

तुमच्या माणसाबरोबर दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी. तीन प्रश्न पुरतात : या आठवड्यात पडलास का, ओढ कधी आली, पुढच्या आठवड्यात एकटा कधी असशील. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि कामाचा तोच असतो. हळूहळू त्यात बाकीचं आयुष्यही येऊ द्या, ऑफिस, घर, पैसे, नाहीतर भेटायचं म्हणजे फक्त पापाचा हिशोब द्यायचा असं होतं आणि दोघंही टाळायला लागतात.

दोन-तीन महिने बरे गेले की पहिली सुटते ती ही भेट, आता काय गरज म्हणून. निदान वर्षभर ठेवा. तो माणूस बदली होऊन पुण्याला गेला किंवा दुसऱ्या मंडळीत गेला तर त्या आठवड्यातच दुसरा ठरवा.

आणि नवीन मोबाइल घेतलात की जुन्यातली फिल्टरची सेटिंग्ज आपोआप आली असतील असं धरू नका. डबा उघडायच्या आधी तुमच्या माणसाला फोन करा, पायरी २ त्यांच्यासमोर पहिल्यापासून करा, अॅप लॉकची पिन त्यांनाच टाकू द्या, मग बाकीची अॅप्स टाका.